मुलाला सगळं कळतं, पण वाचता येत नाही : कोकणात शाळेकडून मदत कशी मिळवायची?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. मुलगा दहा वर्षांचा, यंदा पाचवीत. चौथीपर्यंत वाडीतल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. पट चौदा, शिक्षक दोन. बाई मायाळू होत्या. तोंडी विचारायच्या, बरोबर उत्तर आलं की पुढे. चार वर्षं कशी गेली कळलंच नाही. जूनपासून हायस्कूलला जातो आणि पहिल्याच चाचणीत मराठीत वीसपैकी तीन.

आमची हापूसची कलमं आहेत. एप्रिलमध्ये पडवीत पेट्या भरायचं काम चालतं. हा पेंढ्यात बसून एकेक फळ हातात घेतो आणि सांगतो, हे चार डझनीतलं, हे सहा डझनीतलं. त्याचे बाबा सुरुवातीला परत बघायचे, आता बघत नाहीत. पाच डझनीच्या सात पेट्या झाल्या, फळं किती? डोळे मिटतो आणि चारशे वीस म्हणतो. तेच चारशे वीस वहीत लिही म्हटलं की ४००२० लिहितो. 'धरण' ला 'घरण' वाचतो. पुढच्या ओळीत तोच शब्द आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 'पिशवी' लिहायला सांगितली तर 'पशिवी'. एक परिच्छेद वाचून झाला की घामाघूम होतो, आणि तोच परिच्छेद मी वाचून दाखवला तर अर्थ सगळा सांगतो.

शाळेत बोलावलं होतं. लक्ष नाही, मोबाईल बंद करा, शिकवणी लावा, असं सांगितलं. मोबाईल घरात एकच, तो ह्यांच्या खिशात. शिकवणी लावली, तिथेही तेच पुस्तक आणि तेच रडणं. पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते, नापास झाला तर आम्हाला बोलू नका, असंही ऐकवलं. परवा रात्री झोपताना विचारतो, "आई, सगळ्यांना दिसतं ते मला दिसत नाही का गं?" तेव्हापासून मला झोप नाही.

कुणाकडे जायचं, कुठला कागद लागतो, शाळेने काय करायला हवं? इथे मानसोपचारतज्ज्ञ वगैरे जवळपास कुणी नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा.

सड्यावरचा

ताई, सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासा. माझा पुतण्या तिसरीपर्यंत 'ढ' होता, शेवटी निघाला डोळ्यांचा नंबर. फळ्यावरचं दिसतच नव्हतं, आणि सगळ्यांना तसंच दिसत असेल अशी त्याची समजूत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत तपासतं. पथकाची वाट बघू नका मात्र. ग्रामीण रुग्णालयात नेऊन दाखवा.

फिरती_शिक्षिका

ताई, मी दक्षिण रत्नागिरीत गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या केंद्रात, विशेष शिक्षिका आहे. तुम्ही जे लिहिलंय ते मी दर आठवड्याला कुठल्या तरी वाडीत बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलाला नेमकं काय आहे हे मी इथून सांगणार नाही, कुणीच सांगू नये. पण ऐकून कळतं, तोंडी येतं आणि वाचन-लेखनात एवढी तफावत, हे अध्ययन अक्षमतेकडे बोट दाखवणारं आहे. बुद्धी कमी असण्याशी याचा संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमात शाळांसाठी स्पष्ट लिहिलंय की अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि त्याप्रमाणे शिकवण्यात बदल करायचे. हे सरकारी शाळेला लागू आहे, अनुदानितला आहे आणि नुसती मान्यता असलेल्या खासगी शाळेलाही. त्यामुळे "आमच्याकडे अशी सोय नाही" हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

आता काय करायचं ते. मुख्याध्यापकांच्या नावे साध्या मराठीत अर्ज लिहा. मुलाला वाचन-लेखनात या या अडचणी आहेत, तोंडी हे हे येतं, गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडून तपासणी व्हावी, आणि तोपर्यंत वर्गात त्याला मदत मिळावी. दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज टेबलावरून कधी खाली पडतो ते कुणाला कळत नाही. त्याचीच प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पंचायत समितीत शिक्षण विभाग असतो, तिथेच किंवा जवळ गटसाधन केंद्र असतं. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी आमची नेमणूक असते. मुलांमधली अक्षमता ओळखण्यासाठीच्या 'प्रशस्त' ॲपची शिक्षकांना आठवण करून द्या. एनसीईआरटीने २०२२ मध्ये काढलंय, त्यातली पहिली प्रश्नावली वर्गशिक्षकांनीच भरायची असते, दुसरी आम्ही भरतो.

प्रमाणपत्र ही वेगळी वाट आहे, ती समांतर चालू द्या. अध्ययन अक्षमतेचं निदान साधारण आठ वर्षांनंतर करतात, तुमचा मुलगा त्यात बसतो. आधी डोळे-कान, मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी. एका दिवसात होत नाही, दोन-तीन फेऱ्या धरून चला. युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर नोंदणी करायची आणि जिल्हा रुग्णालयात विचारून जायचं, कारण तपासणारे मानसशास्त्रज्ञ ठरावीक दिवशीच असतात. लहानपणी मिळालेलं प्रमाणपत्र चौदाव्या आणि पुन्हा अठराव्या वर्षी तपासून घ्यावं लागतं. अठराव्या वर्षी मिळतं ते कायमचं.

एक कळकळीचं सांगते. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत शाळेने थांबायचं, असं कायद्यात कुठेही नाही. प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला, तोंडी उत्तर घ्यायला, थोडा जादा वेळ द्यायला कुठल्याही शिक्क्याची गरज नसते.

निवृत्त_गुरुजी

चौतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, म्हणून माझं मत लिहितो, राग मानू नये. बाई, मुलाला जरूर शिकवा, पण 'दिव्यांग' असा कागद करू नका. गावात एकदा शिक्का बसला की पुसत नाही. उद्या लग्नाचं बघायला गेलं तरी लोक काढतील. उशिरा वाचणारी मुलं मी पुष्कळ पाहिली, सहावी-सातवीत आपोआप लागतात वाचायला.

खाडीपलीकडची

गुरुजी, सासूबाईही अगदी हेच म्हणतात, त्यामुळे तुमचा राग नाही. मी स्वतः दोन आठवडे याच विचारात काढले. पण आपोआप होईल म्हणून अजून दोन वर्षं थांबले आणि झालंच नाही तर?

इंजिनवाला

मी दाभोळ-हर्णै पट्ट्यात बोटींच्या इंजिनांचं काम करतो. वय एकेचाळीस. हे बोलून टाइप करतोय, मुलगी तपासून देतेय.

गुरुजी, शिक्का मला कागदाशिवायच बसला होता. 'ढ' हा शिक्का. पहिलीपासून नववीपर्यंत शेवटचा बाक. मास्तर वर्गात पुस्तक फिरवायचे, एकेकाने एकेक परिच्छेद वाचायचा. मी आधीच मोजून ठेवायचो, माझ्या पुढे किती मुलं, म्हणजे माझा परिच्छेद कुठला. तेवढाच शेजाऱ्याकडून पाठ करून घ्यायचो. मधलं कुणी गैरहजर असलं की संपलं. मार खाल्ला त्याचं वाईट वाटत नाही, सगळेच खायचे. वाईट याचं वाटतं की नववीत वडिलांना बोलावून सांगितलं, याला १७ नंबरचा फॉर्म भरायला लावा, दहावीला बाहेरून बसू दे. वडील शाळेसमोर हात जोडून उभे होते, ते अजून डोळ्यासमोर आहे. फॉर्म भरलाच नाही. दुसऱ्या दिवशी बंदरावर गेलो.

इंजिन उघडलं की कुठला भाग कुठे बसतो ते मला एकदा बघून लक्षात राहतं. पण आजही बँकेत गेलो की चष्मा विसरलोय असं सांगतो. मला चष्मा नाहीच. सही तेवढी करतो. परवान्याचे कागद, डिझेलचे कागद, सगळं बायको बघते.

माझी मोठी मुलगी तिसरीत अडखळायला लागली तेव्हा मी चार दिवस जेवलो नाही. मग उठलो आणि तपासायला नेलं. माझ्यासारखंच निघालं तिला. कागद केला. आता आठवीत आहे, जादा वेळ मिळतो, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला माहीत आहे की आपण ढ नाही, आपल्याला अमुक गोष्ट वेगळी शिकावी लागते. मला हे कुणी बाविसाव्या वर्षी जरी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

ताई, थांबू नका.

निवृत्त_गुरुजी

इंजिनवाले दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. वर्गात पुस्तक मीही तसंच फिरवत होतो. आपोआप वाचायला लागतात असं मी लिहिलं, पण जी लागली नाहीत ती माझ्या डोळ्यांसमोरून पाचवीनंतर निघून गेली, म्हणून मला दिसली नसणार. माझे शब्द मागे घेतो.

चाकरमानी_डोंबिवली

स्पष्ट बोलतो, मुंबईत आणा मुलाला. इथे शाळेत समुपदेशक असतात, मोठ्या सरकारी रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेचे वेगळे विभाग आहेत. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही मुंबईतच आहे. भावाकडे, मामाकडे ठेवता येत असेल तर ठेवा.

खाडीपलीकडची

दादा, सूचनेबद्दल आभार. तपासणीला मुंबईला जायची वेळ आली तर जाऊच. पण त्याला तिकडे ठेवायचं नाही. बागेत, बाबांबरोबर, गोठ्यात तो कुणीतरी असतो. तेही काढून घेतलं तर त्याच्याकडे उरेल काय?

वाडीवरचा_मास्तर

देवगड तालुक्यात एका वाडीवरच्या शाळेत आहे. पट अकरा, इयत्ता चार, आणि सहकारी शिक्षिकेची बदली झाल्यापासून मी एकटाच. म्हणून ताई, तुमच्या चौथीपर्यंतच्या बाईंना दोष द्यावासा वाटत नाही. तोंडी घेत होत्या हे चांगलंच करत होत्या. फक्त त्या पाठोपाठ वाचायला वेगळ्या पद्धतीने शिकवायला हवं होतं, ते आम्हाला डी. एड. ला कुणी नीट शिकवलेलं नाही. मी शिकलो ते आमच्या केंद्रात येणाऱ्या विशेष शिक्षकांकडून.

घरी करण्यासारखं सांगतो. ध आणि घ. ताटात तांदळाचं पीठ पसरा, किंवा सरळ पुळणीवर जा, ओल्या वाळूत हातभर मोठं अक्षर बोटाने काढायला लावा. काढताना तोंडाने तो आवाज म्हणायचाच. आमच्याकडे पोरं म्हणतात : धोतराला गाठ मारावी लागते, म्हणून ध ला डोक्यावर गाठ. घराचं छप्पर सलग, म्हणून घ ची वरची रेघ सलग. हे एकदा हाताला आणि तोंडाला बसलं की डोळा फसत नाही. म आणि भ ची जोडीही अशीच सोडवता येते, भ लाही गाठ आहे. पण एका दिवशी एकच जोडी. चार जोड्या एकदम घेतल्या की सगळा गोंधळ परत.

'पिशवी' ची 'पशिवी' होते ना, त्यालाही कारण आहे. ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. मोठ्यांना याचं काही वाटत नाही, पण अडखळणाऱ्या मुलाला ते उलटं पडतं. मी सांगतो, आधी 'प' काढ, मग मागे येऊन त्याला वेलांटी दे. लिहायचा क्रम आणि बोलायचा क्रम एक झाला की चुका निम्म्यावर येतात, हा माझ्या वर्गातला अनुभव. ४००२० साठी तुमच्याकडे तर सोन्यासारखी वस्तू आहे, आंबे. शंभराचा ढीग, दहाचा ढीग, सुटे. ढिगाखाली खडूने एकच आकडा लिहायचा. चार ढीग म्हणून ४, दोन ढीग म्हणून २, सुटं काही नाही म्हणून ०. ऑगस्टात आंबे नाहीत तर सुपाऱ्या घ्या.

आणखी एक. प्रत्येक अडखळणारं मूल अध्ययन अक्षम नसतं, हेही बघायला हवं. माझ्याकडे बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातली दोन भावंडं आहेत. घरात नेपाळी, खेळताना मालवणी, पुस्तकात तिसरीच मराठी. धाकटा वाचत नव्हता, त्याला तपासायला पाठवा असं मला वरून सांगितलं गेलं. मी म्हटलं एक वर्ष द्या. त्याला आधी भाषा दिली, शब्द दिले, मग अक्षर. आज गोष्ट वाचतो. आमच्या मालवणी मुलांचंही तेच. "माका ठावक नाय" म्हणणाऱ्या पोराला ठाऊक असतं, त्याला पुस्तकी मराठीत सांगता येत नसतं. बोलीवरून चूक काढली की ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

मालवणी_बापूस

मास्तरांनी मालवणीचा विषय काढलो म्हणून माका पण रव्हवला नाय. आमच्या चेडवाची गोष्ट वेगळी आसा, पण शाळेचो प्रश्न तोच. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.

मुलगी तिसरीत आहे. दोन्ही कानांना श्रवणयंत्र. ऑक्टोबर ते मे झकास शिकते. जून उजाडला की प्रगती थांबते. दोन वर्षं कळेना का. मग एकदा पाऊस कोसळत असताना मी डबा द्यायला गेलो आणि वर्गाच्या दारात उभा राहिलो. वर पत्रा. त्या पत्र्यावर पावसाचा असा काही मारा की बाई काय बोलतायत ते मलाच ऐकू येईना, आणि माझे कान धड आहेत. यंत्र तर सगळेच आवाज मोठे करतं, पाऊस आणि बाई दोन्ही. माझी मुलगी बाईंच्या तोंडाकडे बघत नुसती मान डोलवत होती.

बाईंशी बोललो. त्या बिचाऱ्या स्वतः घसा फोडून शिकवत होत्या. ठरवलं ते एवढंच : जोराचा पाऊस लागला की श्रुतलेखन नाही, नवीन धडा नाही. फळ्यावर लिहून करायचं काम घ्यायचं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. खिडकीला पाठ करून उभं राहायचं नाही, कारण मागून उजेड आला की ओठ दिसत नाहीत. आणि "ऐकू आलं का?" असं विचारायचं नाही, कारण ती नेहमी हो म्हणते. "मी काय सांगितलं?" असं विचारायचं. पैसा एक लागला नाही. या पावसाळ्यात ती वर्गाबरोबर चालली आहे.

पावसाळ्यात यंत्र दमट हवेने बंद पडतं, त्यासाठी रात्री बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो. मूल वाढतं तसा कानातला साचाही बदलावा लागतो, नाहीतर शिट्टी वाजते आणि मूल यंत्र काढून ठेवतं. ज्यांच्या मुलांना यंत्र आहे त्यांनी हे बघा.

दहावीची_बाई

मी अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या बाजूचं जरा कडू आहे, पण सांगायला हवं.

आपलं कोकण विभागीय मंडळ, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिलं येतं. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. पण पट चाळीसचा असतो तेव्हा एक मूल नापास झालं की शाळेचा निकाल अडीच टक्क्यांनी खाली. मग आठवी-नववीतच कुजबूज सुरू होते, हा बसला तर शंभर टक्के जाणार. इंजिनवाल्या दादांना जे सांगितलं गेलं ते अजून सांगितलं जातं, शब्द तेवढे गोड झालेत. पालकांनी एवढं लक्षात ठेवावं की आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि पाचवीच्या परीक्षेत मागे पडलं तरी पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागते. १७ नंबरचा फॉर्म ज्याला स्वतःला हवा त्याच्यासाठी आहे, शाळेला मूल नको म्हणून नाही.

आणि ही भीती मुळात फुकाची आहे. महाराष्ट्रात दहावीला अध्ययन अक्षम मुलांना १९९६ पासून सवलती आहेत. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक मिळतो, तो खालच्या इयत्तेतला लागतो. भाषा आणि गणितातही सवलती आहेत. सवलत घेऊन माझ्या वर्गातली तीन मुलं गेल्या काही वर्षांत पास झाली, त्यातल्या एकीला पहिला वर्ग. पण प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो आणि त्याला मंडळाला चालणारं सरकारी प्रमाणपत्रच लागतं. खासगी समुपदेशकाचा अहवाल चालत नाही. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणारे पालक दरवर्षी येतात आणि आम्हाला हात वर करावे लागतात. निदान नववीत सगळे कागद शाळेत हवेत. तुम्ही पाचवीत जाग्या झालात, तुमच्याकडे वेळ आहे.

आशा_७२

विषयांतर होत असेल तर माफ करा. माझ्या नातवाला बौद्धिक अक्षमता आहे, वय सात. शाळेत नाव आहे पण रोज पाठवता येत नाही, रस्त्यात साकव आहे आणि तो पावसात पाण्याखाली जातो. अशा मुलांसाठी काही असतं का?

फिरती_शिक्षिका

आजी, विषयांतर मुळीच नाही. तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात आहे. नाव शाळेतच राहतं, विशेष शिक्षक घरी येतात. पण त्याला येता येत असेल तेव्हा शाळेतच आणा, इतर मुलांत बसणं हेही शिक्षणच आहे. समग्र शिक्षामध्ये प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, त्यासाठी मुख्याध्यापकांकडे मागणी करा. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. चाळीस टक्क्यांवरचं प्रमाणपत्र असेल तर एसटीतही ७५ टक्के सवलत. रत्नागिरीत आविष्कार संस्थेची शाळा आणि मोठ्या मुलांसाठी कार्यशाळा आहे, एकदा जाऊन बघून या. नातू मोठा होऊन काय करू शकेल ते तिथे डोळ्यांनी दिसेल.

आता आमच्याबद्दलही सांगते, म्हणजे विशेष शिक्षक का येत नाहीत याचा राग थोडा योग्य ठिकाणी जाईल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर प्राथमिकला दहा मुलांमागे आणि माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरलं. माझ्याकडे आज अख्खं बीट, म्हणजे कितीतरी शाळांचा गट आहे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायला घाटी उतरायची, खाडीला वळसा घालायचा, शेवटची एसटी सांभाळायची. एका मुलापाशी महिन्यातून दोनदा पोहोचले तर तो चांगला महिना. म्हणून मी रोजच्या शिक्षकांना शिकवायला बघते. मी गेल्यावर मुलापाशी तेच असतात. पालकांनी मागणी लेखी केली, आकडे वर गेले, तरच पदं भरली जातील. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच होत नाही.

सड्यावरचा

गटशिक्षणाधिकाऱ्यांकडूनही काही झालं नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. पोस्टाने रजिस्टर करून पाठवा, पोचपावती जपा.

खाडीपलीकडची

गणपती झाले, पाव्हणे गेले, आता निवांत लिहिते. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

डोळे आणि कान तपासले, दोन्ही ठीक. अर्ज लिहून शाळेत गेले. कार्यालयात म्हणाले ठेवून जा, बघतो. मी म्हटलं आवक क्रमांक द्या. असा काही शिक्का लागत नाही म्हणाले. मी बाकावर बसून राहिले. दीड तासाने मुख्याध्यापक वर्गावरून आले, अर्ज तिथेच उभ्याने वाचला, आणि मला आत बोलावलं. त्यांनी 'प्रशस्त' चं नाव ऐकलेलं होतं, कुणी भरलेलं नव्हतं. शिक्का मिळाला.

पंधरा दिवसांनी आमच्या तालुक्याच्या विशेष शिक्षिका आल्या. त्याच्याशी पाऊण तास बोलल्या, त्यातला बराच वेळ आंब्यांबद्दल. मग वाचायला दिलं. मला वाटलं रडेल. त्यांनी ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरली, म्हणजे एकच ओळ दिसेल, आणि घाई नाही म्हणाल्या. त्याने चार ओळी वाचल्या. चुका केल्या, पण थांबला नाही. विज्ञानाची चाचणी परवा झाली, त्याला प्रश्न वाचून दाखवले आणि उत्तरं तोंडी घेतली. वीसपैकी सोळा. वर्गशिक्षकांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि म्हणाले, मला वाटलं नव्हतं. मी काही बोलले नाही, फोन ठेवल्यावर मात्र खूप रडले.

पुळणीवर रोज संध्याकाळी जातो. धोतर आणि घर पाठ झालंय. सासूबाई परवा आमच्याबरोबर आल्या, वाळूत काठीने स्वतःचं नाव काढलं आणि त्याला म्हणाल्या, वाच बघू.

पुढच्या मंगळवारी जिल्हा रुग्णालयात जायचंय, बुद्ध्यांक चाचणीला. तवसाळहून फेरीबोटीने जयगड, तिथून एसटी. परतीची गाडी मिळेल का याची तेवढी काळजी आहे.

दहावीची_बाई

मी जयगड रस्त्यावरच राहते आणि मंगळवारी मला रत्नागिरीला मंडळाच्या कार्यालयात काम आहे, गाडी घेऊन जाणार आहे. जेटीवर थांबते, जाताना आणि येतानाही. व्यनि (खासगी निरोप) करा.

फिरती_शिक्षिका

उत्तम झालं. आधार कार्ड, युडीआयडीची नोंदणी पावती, शाळेचं पत्र आणि दोन फोटो. सकाळी पोटभर खायला घालून न्या, चाचणी लांबते आणि उपाशी मूल कंटाळतं. आणि चौथीच्या, तिसरीच्या जुन्या वह्या असतील तर त्याही न्या. लाल रेघा मारलेल्या, शेरे लिहिलेल्या, जशा असतील तशा. तपासणाऱ्यांना त्यातून पुष्कळ कळतं.

खाडीपलीकडची

बाई, व्यनि केला. वह्या माळ्यावरच्या पेटीत होत्या, काल काढून पिशवीत भरल्या. आंब्याच्या हिशोबाची त्याची एक वही सापडली, सगळे आकडे उलटसुलट लिहिलेले, पण बेरजा बरोबर. तीही घेतली आहे.